ज्याअर्थी, त्याअर्थी

खांबेटेकाकांच्या गाडीच्या डिकीत एक कात्री असायची. हातभर लांब, सोनेरी मुठीची. गावात नवीन डेंटिस्ट आला, पिझ्झाचं दुकान उघडलं, शाळेच्या मैदानाला नवं कुंपण बसलं, की काका ती बाहेर काढायचे, फोटोवाल्याकडे बघून हसायचे आणि लाल रिबिनीला लावायचे. त्या कात्रीनं कागदसुद्धा कापला गेला नसता. रिबीन खरोखर कापायला त्यांच्या कोटाच्या खिशात सुधाकाकूंची शिवणाची छोटी कात्री असायची. "बघून ठेव गो मृणाल," ते मला एकदा म्हणाले, "मेयर म्हणजे ही मोठी कात्री. दिसायला केवढी, आणि धार बघायला गेलं तर शून्य."

न्यू जर्सीत पार्सिपनीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. कायद्याच्या भाषेत त्याला बरो म्हणतात. एक मुख्य रस्ता, लायब्ररी, फायर हाउस, बरो हॉल, आणि मधून जाणारा एक ओढा, ज्याच्याकडे वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही. दत्तात्रय खांबेटे या बरोचे मेयर होते. मूळचे चिपळूणचे. औषधांच्या कंपनीत आयुष्यभर केमिस्ट म्हणून काम करून रिटायर झाले आणि मग या भानगडीत पडले. कोकणातल्या माणसाचा खवचटपणा त्यांनी इमिग्रेशनच्या वेळी डिक्लेअर न करता आत आणला होता. "आमच्या खाली तळकोकणात बरो म्हणजे चांगला," ते म्हणायचे. "गावाच्या नावातच बरो आहे, मग इथे वाईट काय होणार?"

वाईट झालं. फार वाईट झालं. पण आधी काका कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर त्या वाईटात ते कुठे उभे होते हे कळणार नाही.

ते निवडून आले तेव्हा चिपळूणला त्यांच्या चुलतभावानं नाक्यावर फ्लेक्स लावला होता. 'चिपळूणचे सुपुत्र अमेरिकेचे महापौर.' फोटोत काकांच्या मागे व्हाइट हाउस. तेव्हापासून तिकडून फोन सुरू झाले. कोणाला व्हिसा हवा, कोणाच्या भाच्याला नोकरी हवी. इथले आपले लोकही काही कमी नव्हते. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला एक पोरगा त्यांना म्हणाला, "काका, मला स्पीडिंगचं तिकीट मिळालंय यार. तुम्ही मेयर आहात, जज्जशी बोला ना." काका म्हणाले, "बोलतो की. मी गेलो तर जज्ज उठून उभा राहील, माझ्याबरोबर फोटो काढील, आणि तुझा दंड डबल करील."

खरी गोष्ट अशी की आमच्यासारख्या बरोत मेयरच्या हातात जवळजवळ काही नसतं. कारभार काउन्सिल आणि ऑफिसातले पगारी लोक बघतात. मेयर मीटिंगच्या खुर्चीत बसतो आणि मत देतो फक्त बरोबरी झाली तर. आमचं काउन्सिल बरोबरी होण्याइतकं कधी भांडलंच नाही. बाकी मेयरनं रिबिनी कापायच्या, ख्रिसमसच्या झाडाचं बटण दाबायचं, कोर्टात न जाता लग्न करू इच्छिणाऱ्यांची लग्नं लावायची आणि कोणाचाही सत्कार असला की जाहीरनामा वाचायचा. लग्न लावताना काका सगळं इंग्रजीतून रीतसर म्हणायचे आणि शेवटी, ओठांतल्या ओठांत, 'शुभमंगल सावधान'. एका नवऱ्या मुलीनं विचारलं, हे काय म्हणालात? काका म्हणाले, "इट मीन्स, बी केअरफुल." ती इतकी हसली की नवऱ्यानं अंगठी खाली पाडली.

जाहीरनाम्यांवर त्यांचा फार जीव. इथला प्रत्येक जाहीरनामा 'व्हेअरॲज'नं सुरू होतो. व्हेअरॲज अमक्यानं चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, व्हेअरॲज त्याच्या बसमध्ये कोणी कधी रडलं नाही, आणि मग शेवटी 'नाऊ देअरफोर'. काकांचे वडील चिपळूणच्या नगरपालिकेत हेडक्लार्क होते, ठरावांचे मसुदे करायचे. पहिला जाहीरनामा हातात आला तेव्हा काका खुर्चीत मागे रेलून हसले म्हणे. "अगो, हे तर आमच्या नानांचं ज्याअर्थी-त्याअर्थी! सातासमुद्रापार आलो आणि इथेही तेच!" तेव्हापासून ते शब्द त्यांच्या जिभेवर बसले. ज्याअर्थी चहा कोमट आहे, त्याअर्थी सुधा माझ्यावर रागावली आहे. ज्याअर्थी मृणाल इस्त्रीचा कुडता घालून आली आहे, त्याअर्थी तिचं काहीतरी काम आहे. आम्ही वैतागायचो, हसायचो, आणि नकळत आमच्याही तोंडी ते यायचं. माझी इथे जन्मलेली मुलगी, जी मराठीत फक्त 'भूक' आणि 'नको' म्हणते, तीसुद्धा म्हणायची, "ज्याअर्थी इट्स स्नोइंग, त्याअर्थी नो स्कूल."

काकांना लोक 'मेयर डेटा' म्हणायचे. दत्ता हे नाव अमेरिकन जिभेवर कॉम्प्युटरमधला डेटा होऊन बसतं. काका हसून घ्यायचे, पण ते त्यांना लागत असावं, कारण दुसऱ्यांच्या नावांच्या बाबतीत ते भयंकर काटेकोर होते. मेमोरियल डेला लायब्ररीसमोरच्या दगडावर कोरलेली, युद्धांत मेलेल्या गावकऱ्यांची नावं मेयरनं वाचायची असतात. पोलिश, इटालियन, आयरिश, जीभ लुळी पडेल अशी नावं. आधीचे मेयर ती ठेचकाळत वाचायचे. काका पहिल्या वर्षी आठवडाभर गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी गेले. तुमच्या भावाचं नाव तुमची आई कसं म्हणायची, हे विचारत. "माणूस गेला की मागे नाव उरतं," ते मला म्हणाले. "तेसुद्धा आपण चेचून टाकायचं?" त्या वर्षी पहिल्या रांगेत बसलेल्या एका पोलिश आजी आपल्या भावाचं नाव ऐकून उभ्याच राहिल्या. जणू कोणी त्यांना हाक मारली होती.

फायर डिपार्टमेंटचा चीफ टॉमी त्यांचा दोस्त. आडदांड, लाल तोंडाचा, दिवसा प्लंबिंगची कामं करणारा आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून पळणारा माणूस. नवीन बंब आला की इथे त्याला होजपाइपनं आंघोळ घालायची प्रथा आहे. काका त्या समारंभाला नारळ घेऊन गेले. टॉमीनं आधी त्याच्याकडे बॉम्बकडे बघावं तसं पाहिलं. काकांनी बंबाच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं आणि खोबऱ्याचे तुकडे सगळ्या फायरमनना वाटले. नंतर एकदा एका मोठ्या आगीतून सगळे सुखरूप परत आले, तेव्हा टॉमीनं फोन करून सांगितलं, "मेयर, दॅट कोकोनट वर्क्स."

आणि झेंडा. बरो हॉलसमोरच्या खांबावर दोन झेंडे असतात, वर देशाचा, त्याखाली बरोचा. बरोचा झेंडा हिरवा, मध्ये एक जुनी पाणचक्की, साधासा. देशाचा झेंडा अर्ध्यावर आणायचा हुकूम वॉशिंग्टनहून किंवा गव्हर्नरकडून येतो. पण बरोचा झेंडा मेयरच्या शब्दावर खाली येतो. त्याला काउन्सिलचा ठराव लागत नाही, वकिलाचं मत लागत नाही. गावाची रीत अशी, की बरोचा रहिवासी अकाली गेला तर मेयरनं मीटिंगमध्ये त्याचं नाव वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी झेंडा अर्ध्यावर आणायचा. "माझी धार असलेली कात्री एवढी एकच," काका म्हणायचे. ते काम ते कर्मचाऱ्याला सांगत नसत, स्वतः दोरी ओढायचे. "खांबेटे आणि खांब," आम्ही चिडवायचो. एकदा मी बघायला थांबले होते, तर त्यांनी झेंडा आधी थेट वरपर्यंत नेला आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणला. मी विचारलं, सरळ अर्ध्यावरच का नाही नेत? "तशी रीत नाही गो. आधी त्याची पूर्ण उंची दाखवायची. मग खाली."

काकांना निवडून आणलं सतीशनं. सतीश आमच्या मंडळाचा अध्यक्ष. गोडबोल्या, धावपळ्या, कोणाच्याही अडीअडचणीला पहिला हजर. ओढ्याजवळ त्याचं घर. त्याची बायको अंजली म्हणजे सुधाकाकूंची जिवलग मैत्रीण, रोज सकाळी दोघींचा फोन. निवडणुकीच्या आधी सतीशकडे आम्हा सगळ्यांचं जेवण होतं. टेबलाभोवती बसलो होतो, अंजली पुरणपोळी वाढत होती, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, आणि कुठूनतरी कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळानं आणखी एक. अंजली पटकन म्हणाली, "पाइपचा आवाज आहे, जुनं घर आहे ना." काका पोळीचा घास घेत म्हणाले, "ज्याअर्थी पाइपला शिट्टी होते, त्याअर्थी पाइपात वरण शिजतंय." सगळे हसले. सतीशही हसला.

कारण बेसमेंटमध्ये मुली राहतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणालाच माहीत नव्हतं. ओढ्याकाठच्या घरांत बेसमेंट भाड्यानं द्यायला बरोची बंदी आहे. पण युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या, परवडेल अशी खोली न मिळणाऱ्या आपल्या मुलामुलींना आपल्याच माणसांची बेसमेंट मिळत. सतीश काही राक्षस नव्हता. भाडं इतरांपेक्षा कमी घ्यायचा, मुलींना बर्फात स्टेशनवर सोडायचा. अंजली सणाला ताट खाली पाठवायची. त्या वर्षी खाली राहत होती ती प्रणिता सोनवणे. जळगावची, मास्टर्सच्या शेवटच्या सेमिस्टरला. मंडळाच्या कार्यक्रमात ती मागच्या रांगेत बसायची आणि खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या पुढे असायची.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दक्षिणेकडून आलेल्या वादळाची शेपटी आमच्यावर पडली. सतीश आणि अंजली मंडळाच्या सजावटीसाठी पार्सिपनीला गेले होते आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. ज्या ओढ्याकडे कोणी बघत नसे, तो एका संध्याकाळी अंगणांतून फिरला. बेसमेंटचं एकुलतं एक दार बाहेर उघडणारं होतं आणि बाहेर पाणी होतं. खिडकी जमिनीच्या पातळीवर, तीही लहान. टॉमी आणि त्याची माणसं छातीभर पाण्यातून तिथे पोचली तेव्हा उशीर झाला होता. प्रणिताला टॉमीनंच बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर श्रद्धांजलीचे हात जोडले गेले, आणि त्यांच्याबरोबर एक शब्द आला. पाहुणी. ती सतीशकडे पाहुणी म्हणून आली होती, दोन दिवसांसाठी. तिच्या लायसन्सवर जुन्या हॉस्टेलचा पत्ता होता, ते दुसऱ्याच गावात. बरोच्या कोणत्याही कागदावर ती नव्हती. हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला ते मला ठाऊक नाही, पण संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी होता. इतका सोयीचा शब्द मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्या आठवड्यात सुधाकाकूंना बरं नव्हतं म्हणून मी रोज त्यांच्याकडे डबा घेऊन जात होते. एका दुपारी टॉमी आला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तो मावत नव्हता. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसला. मग म्हणाला, त्या खोलीत पाण्यावर एक गोल स्टीलचा डबा तरंगत होता, घट्ट झाकणाचा. त्यानं तो उघडून पाहिला. आत छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत वेगळी पावडर, वेगळ्या बिया, सगळं कोरडं. "इज इट अ रिलिजस थिंग? मी तो फॅमिलीला पाठवायला हवा का?"

काकू उठल्या, ओट्याशी गेल्या आणि स्वतःचा मिसळणाचा डबा आणून टॉमीपुढे उघडा ठेवला. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग.

"येस," टॉमी म्हणाला. "दॅट."

काका त्या डब्याकडे बघत राहिले. पाहुण्या बाईबरोबर साडी येते, खाऊ येतो, औषधं येतात. दोन दिवसांच्या पाहुणीबरोबर मिसळणाचा डबा येत नाही. तो जिथे असतो तिथे माणसाचं घर असतं. हे टॉमीला समजावून सांगावं लागलं असतं. आम्हा तिघांना लागलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सतीश आणि अंजली आले. सतीशची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. तो खरंच रडला होता, यात मला शंका नाही.

"काका, उद्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही तिचं नाव घेणार, असं ऐकलं."

"घेणार."

"घ्या ना, नाव घ्या. प्रेयर म्हणा, काहीही करा. फक्त रेसिडेंट म्हणू नका. झेंडा खाली आणला की ती रेसिडेंट झाली. मग इन्शुरन्स, इन्स्पेक्शन, पोलीस... काका, मी संपेन."

"सतीश, ती राहत होती."

"तुम्हाला माहीतच होतं!" सतीशचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या टेबलावर जेवलाय. तेव्हा काही बोलला नाहीत."

"नाही बोललो," काका म्हणाले.

अंजली सुधाकाकूंचा हात धरून बसली होती. "सुधाताई, तुम्ही सांगा ना यांना. ती काही आता परत येणार आहे का?" काकूंनी हात सोडवून घेतला नाही.

"तिच्या वडिलांचा फोन आला होता," काका म्हणाले. "जळगावहून. एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना वाटतं नगराध्यक्ष म्हणजे सगळं माझ्याच हातात. मला म्हणाले, साहेब, तुमच्याकडचे लोक सांगतात ती पाहुणी होती. पण ती आम्हाला सांगायची, माझी स्वतःची खोली आहे, खिडकी आहे, खिडकीतून गवत दिसतं. मग साहेब, माझी पोर वर्षभर आमच्याशी खोटं बोलत होती का?"

 बेसमेंटच्या खिडकीतून गवतच दिसतं, दुसरं काही दिसूच शकत नाही.

"त्या माणसाला मी काय सांगू, तू सांग," काका म्हणाले.

सतीश उठला. दारात जाऊन म्हणाला, "तुमच्यासाठी मी घरोघर फिरलो होतो, काका." मग दोघं गेले. त्यानंतर अंजलीचा सकाळचा फोन कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी बरो हॉल भरला होता. बरोच्या वकिलानं काकांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, काकांनी मान डोलावली, आणि खिशातून कागद काढला. ते नेहमी जाहीरनामे जरा नाटकी ढंगात वाचायचे, हातवारे करत. त्या दिवशी कागद दोन्ही हातांत धरला होता. वाचलं इंग्रजीतच, पण माझ्या कानात ते मराठीतूनच उतरत होतं. ज्याअर्थी प्रणिता रामदास सोनवणे ही ओढ्याकाठच्या एका घराच्या तळघरात झोपत, जेवत आणि अभ्यास करत होती. ज्याअर्थी तिच्या खिडकीतून गवत दिसत होतं. ज्याअर्थी तिचा मसाल्याचा डबा त्या खोलीत होता, आणि असा डबा माणूस पाहुणा म्हणून जाताना नेत नाही. इथे ते थांबले, पाणी प्यायले. ज्याअर्थी या बरोचा मेयर त्या घरी जेवला होता, त्यानं तळघरातून तिच्या आधीच्या मुलींच्या कुकरची शिट्टी ऐकली होती, आणि त्यावर विनोद केला होता. त्याअर्थी ती या बरोची रहिवासी होती.

तिचं नाव त्यांनी असं म्हटलं, जसं जळगावला तिची आई म्हणत असेल. 'ण' सुद्धा पुरा.

सकाळी मी कामावर जाताना बरोचा हिरवा झेंडा अर्ध्यावर होता. वर देशाचा झेंडा पूर्ण उंचीवर, खाली हा.

पुढे जे झालं त्यात चांगलं असं काही नाही. इन्स्पेक्टर आले, सतीशवर केस झाली, घर विकावं लागलं. ते तर व्हायचंच होतं. पण मग काउन्सिलनं ओढ्याकाठची सगळीच बेसमेंट तपासायला घेतली, आणि महिन्याभरात आपली कितीतरी मुलं-मुली सामान पोत्यांत भरून रस्त्यावर आली. थंडी सुरू झाली होती. कोणी मित्राच्या सोफ्यावर झोपलं, एकानं शिक्षण सोडलं. त्यातली एक मुलगी ग्रोसरीच्या दुकानात काकांना सगळ्यांसमोर म्हणाली, "मेलेल्या मुलीसाठी झेंडा खाली आणलात अंकल, जिवंत होत्या त्यांना घराबाहेर काढलंत." काकांनी ऐकून घेतलं. नंतर ते खोल्या शोधत फिरले, आमच्यापैकी ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर रिकामी बेडरूम होती त्यांच्या दारात उभे राहिले. एकदोघांनी दार उघडलं. बहुतेकांनी नाही. बरोच्या हातात बेकायदा खोली बंद करणं होतं, कायदेशीर खोली देणं नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीला त्यांना कोणी आरतीचं तबक दिलं नाही. ते शेवटपर्यंत मागे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या निवडणुकीत ते पडले, आणि आपल्याच लोकांनी पाडले हे सांगायला कोणाची गरज नव्हती. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. सुधाकाकू निवडलेल्या मेथीकडे बघत म्हणाल्या, "झेंडा यांनी खाली आणला, मान माझी खाली गेली." काका पलीकडे बसून सोनेरी कात्री फडक्यानं पुसत होते, नव्या मेयरकडे सोपवायला. "खरंय," ते म्हणाले, आणि पुसत राहिले. त्या क्षणी मला त्या दोघांचाही राग आला. मी काकूंपुढची मेथी उचलून धुवायला घेतली.

काका आता नाहीत. शेवटी ते दोघं दुसऱ्या राज्यात, कॅरीला मुलीकडे राहायला गेले होते आणि तिथेच ते गेले. मी बरो हॉलमध्ये फोन करून विचारलं, माजी मेयर होते, झेंडा खाली आणणार ना? पलीकडच्या बाईनं अगदी मऊ आवाजात सांगितलं की त्यांना फार वाईट वाटतं, पण मिस्टर खांबेटे रेसिडेंट नव्हते. काका असते तर म्हणाले असते, ज्याअर्थी रीत मीच पाळत होतो, त्याअर्थी तक्रार कसली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॅरीला जायच्या थोडंच आधी. त्यांचा फोन आला. "मृणाल, गाडी काढशील का गो? मला आता लांबचं धड दिसत नाही, सुधा ड्राइव्ह करू देत नाही." प्रणिताचे वडील आले होते. इथून चारएक तासांवर हर्नडनला त्यांचा पुतण्या असतो, त्याच्याकडे आले होते आणि तिथून ट्रेननं एकटेच इथवर आले होते. बारीक, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात नवे बूट. आम्ही त्यांना स्टेशनवरून घेतलं. दोघंही मागच्या सीटवर बसले. काकांनी विचारलं, घर बघायचं आहे का? नव्या मालकानं बेसमेंटच्या खिडक्या विटांनी बुजवल्या आहेत, हे काकांनी त्यांना सांगितलं नाही.

"नको साहेब," सोनवणे म्हणाले. "घर नको. तो झेंडा बघू."

बरो हॉलसमोर मी गाडी उभी केली. दोघं उतरून खांबाकडे गेले. मी गाडीतच बसले, काचा वर होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही झेंडे पूर्ण वर होते. सोनवणे मान मागे टाकून बघत राहिले. मग त्यांनी काकांना काहीतरी विचारलं.

काकांनी उजवा हात उचलला. आधी सरळ वर नेला, जितका जाईल तितका, टाचा उचलून. मग सावकाश खाली आणला आणि मध्येच, छातीच्या उंचीवर थांबवला. सोनवणे त्या हाताकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. काकांच्या त्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तो हात त्यांना फार वेळ उचलून धरवत नसे. पण सोनवणे बघत होते तोवर काकांनी तो खाली घेतला नाही.